कृष्णधवल छपाई: शाई किती पातळ करावी?

धरमपेठकर
माझ्या सहा कप्प्यांच्या इंकजेट प्रिंटरमध्ये मॅट कागदाची कार्बन पिगमेंट शाई १००, ५०, २५ आणि १२ टक्के अशा चार छटांत भरून मी क्वाडटोन रिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमधून छायाचित्रे छापतो. गडद भाग चांगला उतरतो. परंतु अंबाझरी तलावावरच्या पहाटेच्या धुक्यात, जिथे पाणी आणि आकाश वेगळे ओळखू येत नाही, तिथे रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. पाचवी, ६ टक्क्यांची छटा वाढवावी काय?

शाईदौत
वाढवण्यापूर्वी ५० टक्क्यांची छटा काढून टाका. मॅट कागदावर काळेपणाची घनता साधारण १.६ ते १.७ च्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे निम्मी शाईसुद्धा भरपूर सोडली की मूळ काळ्याच्या जवळ पोहोचते आणि तो कप्पा जवळजवळ वाया जातो. खरी गरज फिकट टोकाला आहे, कारण कोऱ्या कागदावर १२ टक्क्यांचा सुटा ठिपका लपत नाही. प्रत्येक छटा आधीच्या छटेच्या सुमारे तिसरा हिस्सा ठेवावी: १००, ३०, ९ आणि ३. गडद छटेचे ठिपके फिकट छटेने कागद बहुतेक भरल्यावरच सुरू झाले, तर ते त्या करड्या थरात मिसळून जातात.

सिरिंजने १५ मिलि मूळ शाई आणि ३५ मिलि बेस (शाई पातळ करायचा रंगहीन द्रव) घेतल्यास ३० टक्क्यांची शाई होते. तिच्यातली १५ मिलि पुन्हा ३५ मिलि बेसमध्ये मिसळली की ९, आणि तसेच आणखी एकदा केले की २.७ टक्के. थेट ३ टक्के करताना ५० मिलिला जेमतेम दीड मिलि शाई लागते आणि सिरिंजवरची एक रेघ चुकली तरी छटा बिघडते. बेस म्हणजे नुसते डिस्टिल्ड पाणी नव्हे. त्यात ग्लिसरीन आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य हवेच. छटा बदलल्यावर जुना कर्व्ह, म्हणजे कोणत्या करड्यासाठी कोणती शाई किती सोडायची ते ठरवणारा आलेख, चालणार नाही, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापून नवा करावा लागेल.

महालवासी
वरील मताशी सहमत आहे, फक्त नागपूरच्या मे महिन्याची भर घालतो. पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद ठेवला तर कोरड्या हवेत नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, सुकतात, आणि प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवला तर कागद ओल धरून वाकतो. म्हणून माझा प्रिंटर आतल्या खोलीत झाकून असतो. दुसरे असे की ३ टक्क्यांच्या कप्प्याची नोझल चाचणी पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. मी आठवडाभर तुटक्या रेघांनिशी छापत होतो आणि दोष मिश्रणाला देत होतो. आता चाचणीचा कागद स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवून पाहतो.

धरमपेठकर
आभारी आहे. आत्ताच चाचणी स्कॅन केली. १२ टक्क्यांच्या कप्प्यात चार रेघा गायब आहेत. आधी हेड साफ करतो, मगच बाटल्या उघडतो.