जुन्या खिडक्या बदलल्या का? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगतात, झडपा लागतच नाहीत. ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटी), यावर घरात एकमत होईना. दुकानदारांचं ऐकून झालंय. ज्यांच्या घरात नव्या खिडक्या एखादा पावसाळा काढून बसल्यात, त्यांनी निवड आणि साफसफाई दोन्हींबद्दल सांगा.

शाहूपुरी, सातारा
ताई, आधी झड कुठून येते ते बघा. आमच्या पश्चिमेच्या खिडक्यांना मी स्लायडिंग नको म्हटलं, बाहेर उघडणाऱ्या झडपा घेतल्या. हँडल फिरवलं की रबर चारी बाजूंनी दाबून बसतं. स्लायडिंगला सरकायला फट लागते, तिथली ब्रशची पट्टी वाऱ्याचा पाऊस पुरता अडवत नाही. मात्र ग्रील आतून घ्यावं लागतं. त्यात एक उघडणारं दार नक्की ठेवा, नाहीतर वरच्या मजल्यावरची बाहेरची काच पुसणार कशी?

गावभाग, सांगली
२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. पाणी उतरल्यावर खिडक्यांच्या ट्रॅकमध्ये गाळ सिमेंटसारखा बसलेला. काच कोरड्या फडक्याने पुसायची नाही, गाळातल्या रेतीने ओरखडे पडतात. आम्ही झडपा वर उचलून काढल्या, अंगणात पाइपाने धुतल्या, ट्रॅक रंगाच्या जुन्या ब्रशने मोकळा केला. चाकं मात्र बदलावीच लागली. यूपीव्हीसीच्या पोटात लोखंडी पट्टी असते, पुराचं पाणी आत राहिलं तर ती गंजायची भीती. म्हणून तळाला ॲल्युमिनियम, वर यूपीव्हीसी. २०२१ला पुन्हा पूर आला, तेव्हा हे किती बरं झालं ते कळलं.

विश्रामबाग, सांगली
बोअरच्या पाण्याने काच धुतली की पांढरे ठिपके राहतात. पाण्यात व्हिनेगर घालून पुसा, लगेच कोरडं करा. उन्हात तापलेली काच पुसू नका, ओघळ उठतात. आणि खाली कडप्पा असेल तर त्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका, चकाकी जाते.

वाई
जुनं सागवान असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका! भर पावसात सुताराला रंधा मारायला सांगितलं, तर उन्हाळ्यात फट पडते. लाकूड वाळू द्या, मग जिथे घासतं तेवढंच काढा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी पॉलिश करून घ्या.

कराड
बसवणारे जायच्या आत त्यांच्यासमोर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. खालच्या भोकांतून ते बाहेर गेलं पाहिजे. आमच्याकडे ती भोकं सिलिकॉनने बुजली होती, तिथल्या तिथे मोकळी करून घेतली. मगच उरलेले पैसे दिले.