मदत हवी आहे: पोहऱ्याला दुसरी कप्पी लावावी का?

आमच्या विहिरीवर लोखंडी दांड्याला एकच कप्पी आहे. भरलेला पोहरा 15 किलोच्या घरात जातो, आईचे खांदे भरून येतात. वरची कप्पी फक्त ओढायची दिशा बदलते, जोर तेवढाच लागतो, हे ठाऊक आहे. पोहऱ्याच्या कडीत दुसरी कप्पी अडकवून दोराचं एक टोक दांड्याला बांधलं, तर जोर साधारण निम्म्यावर यावा. दोर मात्र दुप्पट ओढायचा; पाणी 40 फुटांवर, म्हणजे 80 फूट!

कुणी प्रत्यक्ष केलंय का? पोहरा बुडताना कप्पी आडवी होऊन दोर खाचेतून निसटतो का? दोन्ही पदरांना पीळ पडला तर काय करता? (मोटर बसवा म्हणू नका, लाईट असते कुठे!) नायलॉनचा दोर चालेल की सुतीच घेऊ?