क्रोन्सच्या आजारात घरचा आहार कसा बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला क्रोन्सचा आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार) असल्याचे निदान झाले असून, सूज प्रामुख्याने लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे आणि तेथे आतडे थोडे अरुंदही झाले आहे. आतड्याच्या क्षयाची लक्षणे बरीचशी अशीच असल्यामुळे ती शक्यता आधी तपासून घेतली. औषधे नियमित चालू आहेत. प्रश्न केवळ ताटाचा आहे.

आतडे अरुंद असेपर्यंत चोथा कमी ठेवावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि नेमके आमच्या घरचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी आणि काकडीची कोशिंबीर! सध्या मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, साल व बिया काढून मऊ शिजवलेला दुधी आणि अंडे त्याला सोसते. दुधाने पोट फुगते, ताज्या ताकाने नाही. वजन मात्र वाढत नाही. ब-१२ जीवनसत्त्व आतड्याच्या त्याच भागात शोषले जात असल्याने त्याची इंजेक्शने घ्यावी लागतात.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी कृपया सांगावे, की सूज ओसरल्यावर भाकरी, पालेभाज्या आणि उसळी कोणत्या क्रमाने पुन्हा सुरू केल्या? ऑफिसच्या डब्यात काय देता? ‘तिखट सोडा, सगळे बरे होईल’ हा सल्ला प्रत्येक पाहुण्याने देऊन झाला आहे, तो नको. पुण्यात या आजाराचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ ठाऊक असल्यास तेही कळवावे.