अनुभव धागा: केदारताल – गंगोत्रीवरून हिमनदीच्या तळ्यापर्यंत

मंडळी, केदारतालबद्दल विचारणारे वाढलेत आणि उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत, गट नेतात किंवा उंचीवरच्या आजारांची वैद्यकीय माहिती ज्यांना आहे, त्यांनी लिहावं. (प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.) प्रवासवर्णन नको. अंतर, वेळ, वजन, मात्रा, कुठे चुकतं आणि का चुकतं, एवढंच हवंय.

सुरुवात मी करतो. गंगोत्री साधारण ३१०० मीटरवर. तिथून भोजखरक ८ किमी (३७८० मीटर), पुढे केदारखरक ४ किमी (४२७०), पुढे तलाव ५ किमी (४७५०). एकूण १७ किमी. हा आकडा वाचून सह्याद्रीत दर रविवारी भटकणाऱ्याला वाटतं, हे तर दीड दिवसाचं काम. पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे गंगोत्रीचा बसथांबासुद्धा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. इथे किलोमीटर मोजूच नका, मीटर मोजा. मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हाच हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये वरून दगड आणि खाली रस्ता, दोन्हींचा भरवसा नसतो. धराली याच रस्त्यावरचं गाव. ५ ऑगस्ट २०२५ ला तिथे अचानक आलेल्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

चढण

वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्यामुळे वनखात्याचा परवाना लागतो. ओळखपत्राच्या चार-पाच प्रती आणि वैद्यकीय दाखला मुंबई-पुण्याहूनच घेऊन निघा. यात्रेच्या दिवसांत चारधामची नोंदणीही रस्त्यावर तपासतात. परवान्यासाठी उत्तरकाशीत अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि तो रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येऊ देऊ नका. खेचरं या वाटेवर जात नाहीत. सामान माणसाच्याच पाठीवर जातं, त्यामुळे भारवाहक उत्तरकाशीतच ठरवा आणि त्यांचे बूट, गॉगल, झोपायची पिशवी आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा.

नाडी

मी वैद्यकीय बाजू लिहितो. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा सर्वमान्य नियम. आता वरचे आकडे बघा. गंगोत्री ते भोजखरक ही पहिलीच उडी ६८० मीटरची आहे. पुढच्या दोन्ही ५००च्या आत बसतात, पण काठावर. म्हणून हर्षिलला (सुमारे २६०० मीटर) एक रात्र आणि गंगोत्रीत दोन रात्री, हे किमान. गंगोत्रीतला मधला दिवस खोलीत पांघरुणात काढायचा नाही. वाटेने ३००-४०० मीटर वर चढून तासभर थांबायचं आणि खाली येऊन झोपायचं. सुट्टी वाचवायला म्हणून बहुतेक जण नेमका हाच दिवस कापतात.

तलावापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा कमालीचा थकवा असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास धरायचा. ज्याला त्रास सुरू झाला त्याने त्या दिवशी वर जायचं नाही. ॲसिटाझोलामाइड १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, ही प्रतिबंधाची नेहमीची मात्रा. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. या गोळीने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध) गटाच्या औषधपेटीत असावं, पण मात्रा डॉक्टरांकडून लिहून आणलेली हवी. झोपेची गोळी आणि दारू पूर्ण बंद.

दोन खुणा मात्र थांबू देत नाहीत. एक, बसल्या जागी दम लागणं आणि खोकला; ते फुप्फुसात पाणी होण्याचं लक्षण. दुसरी, तोल जाणं. सरळ रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. नशा केल्यासारखा झोकांडला तर मेंदूला सूज येतेय असं समजा आणि रात्र असली तरी खाली निघा.

कडेकपारी

नाडी यांच्या लिखाणाला एक जोड. केदारतालवर ‘रात्री खाली निघा’ हे बोलण्याइतकं सोपं नाही. केदारखरकहून खाली येताना वाटेत ढासळणारे उतार आहेत आणि ‘स्पायडर वॉल’ नावाची कातळभिंत आहे. जो माणूस स्वतःच्या पायांवर चालू शकत नाही, त्याला त्या भिंतीवरून अंधारात उचलून नेणं जवळपास अशक्य. त्यामुळे खरा निर्णय केदारखरकलाच, सकाळी, प्रत्येकाला ती दहा पावलं चालायला लावून घ्यायचा. तलावाशी पोचल्यावर तो घ्यायला उशीर झालेला असतो.

स्पायडर वॉल कशी आहे ते सांगतो. तिरपा, गुळगुळीत कातळ, खाली केदारगंगेची घळ. कोरडी असेल तर पाय ठरतात. ओली किंवा पहाटेच्या बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेली असेल तर ठरत नाहीत. ३० मीटर दोर, दोन स्लिंग (पट्ट्यांचे फास), दोन कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) जवळ ठेवा. एका वेळी एकच माणूस. गरज वाटली तर पाठपिशवी वेगळी पलीकडे द्या, कारण वजन मागे ओढतं आणि अंग कातळापासून सुटतं.

वाटेतल्या घसाऱ्याबद्दल (सुट्या दगड-मातीचा उतार): उन्हं त्या उतारावर पडायच्या आत पार करा. रात्री गोठलेल्या मातीने दगड धरून ठेवलेले असतात. ऊन लागलं की माती सैल होते आणि ते सुटतात. वर भरलांचा (हिमालयातल्या रानमेंढ्यांचा) कळप चरत असेल तर त्यांच्या खुरांनीही दगड येतात. तेव्हा एक जण वर नजर ठेवून उभा, बाकीचे एकेक करून पार. हेल्मेट हवंच.

शेकोटी

स्वयंपाकाचं सांगते. तलावाशी पाणी साधारण ८४ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली टचटच करते आणि गॅस संपतो तो वेगळा. चौघांना ३ लिटरचा कुकर न्या. तांदूळ आणि मूगडाळच घ्या, तूर-चणा घरी ठेवा. गॅस दोघांमागे दिवसाला १०० ते १२० ग्रॅम धरा. गॅसचे डबे विमानात आणि रेल्वेत नेता येत नाहीत, ते डेहराडून-ऋषिकेशला घ्यावे लागतात. प्रोपेन मिसळलेलेच मागा. नुसता ब्युटेन कडाक्याच्या थंडीत नीट वायू होत नाही, ज्योत मरते. डबा रात्री झोपायच्या पिशवीत घ्या.

वर गोड नकोसं होतं. आंबट-खारट मात्र जातं, म्हणून कोकम, लिंबाचं लोणचं, मेतकूट-भात. चालताना गूळ-शेंगदाणे.

पाण्याचं: पहिल्या दिवशी नदी खाली दरीत सतत ऐकू येते पण हाताला लागत नाही, तेव्हा गंगोत्रीतून माणशी २ लिटर भरूनच निघा. वरचं पाणी राखाडी, दगडाच्या पिठाचं. पातेल्यात तासभर निवळू द्या, सुती कापडातून गाळा आणि मगच फिल्टरला लावा, नाहीतर फिल्टर दुसऱ्या दिवशी तुंबतो. वापरलेला फिल्टर गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि ते बाहेरून कळत नाही. तोही पिशवीत, पायाशी. क्लोरीनच्या गोळ्या थंड पाण्यात सावकाश काम करतात, वेळ दुप्पट द्या.

लगोरी

केदारखरकच्या पुढे गवत संपतं आणि मोरेन सुरू होतो: हिमनदीने आणून टाकलेले धोंडे, त्यांच्याखाली कुठे माती, कुठे अजून बर्फ. बर्फ वितळतो तसे धोंडे जागा बदलतात. कुठला धोंडा बसलेला आहे ते त्याच्या अंगावर दिसतं. दगडफूल धरलेला, काळपट-नारिंगी डागांचा धोंडा वर्षानुवर्षं हललेला नसतो. कोऱ्या राखाडी रंगाचा, कडा धारदार, अंगावर ओलसर पीठ, असा धोंडा नुकताच आलेला. पाय पहिल्यावर द्या. तरीही आधी काठीने दाबून बघा, आणि दोन धोंड्यांच्या फटीत पाय कधीही घालू नका. इथे अपघात म्हणजे बहुधा मुरगळलेला घोटा.

वाट रचलेल्या दगडांच्या लगोऱ्यांवरून शोधायची. धुक्यात पुढची दिसेपर्यंत मागची सोडू नका. मोबाइलला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ओढे सकाळी घोट्याएवढे, दुपारी मांडीएवढे. वर जाताना सोपा वाटलेला ओढाच परत येताना अडवतो. पार करताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती पटकन टाकता येते.

कडेकपारी

तलावाशी मुक्काम करावा का, हा प्रश्न येणारच. माझं मत: नको. केदारखरकहून पहाटे ४ला निघा, ९पर्यंत तलाव, ११च्या आत परतीला लागा. १० किमी चाल होते, पण झोप ४२७० वरच राहते, तंबू वर न्यावा लागत नाही आणि दुपारचे ढग गाठत नाहीत.

चढण

थोडा असहमत. परत येताना ओढे नेमके फुगायला लागलेले असतात. गंगोत्रीत दोन रात्री आणि केदारखरकला दोन रात्री काढलेल्या, लक्षणं नसलेल्या गटाने वर एक रात्र राहणं योग्य. शिवाय थलय सागरचं (६९०४ मीटर) पाण्यातलं प्रतिबिंब वारा सुटायच्या आतच मिळतं. सप्टेंबरअखेर रात्री उणे ५ ते उणे १० धरा. झोपायची पिशवी उणे १० ला आरामात पुरणारी, खाली फोमची चटई. तंबू काठापासून आणि मोरेनच्या उतारापासून लांब, सपाटीवर लावा. कडेची माती आतून पोखरलेली असते.

शेकोटी

दोन गोष्टी राहिल्या. भोजाची साल सोलू नका, लाकूड जाळू नका; उद्यानात शेकोटीला बंदीच आहे आणि इतक्या उंचीवर ते झाड वाढायला फार वर्षं लागतात. शौचासाठी भोजखरक-केदारखरकला पाण्यापासून ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. मोरेनवर माती नाही, खड्डा होत नाही, तिथलं पिशवीत बांधून खाली आणायचं. हे पाणी केदारगंगेतून गंगोत्रीतच भागीरथीला मिळतं, आणि तिथे लोक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात.