‘टक’ वाजतंय, सेल्फ फिरत नाही

शनिवार, सोसायटीचा ग्रुप

ए-302, सकाळी 7.10
सर्वांना नमस्कार. आमची लाल सॅन स्टॉर्म गाडी परत बंद पडली आहे. किल्ली फिरवली की एकदाच बारीक ‘टक’ असं वाजतं, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरतच नाही. काल रात्री मागं घेताना मधेच थांबली, त्यामुळं सी-204 मॅडमच्या स्कूटरला अडचण होतेय. मॅडम, माफ करा. दोघं-तिघं खाली येऊ शकत असाल तर ढकलून बाजूला घेऊ.

सी-204, 7.14
स्कूटर काढली मी भिंतीच्या बाजूनं. घाई नको.

ए-104, 7.20
बॅटरी गेली असणार. दुसरं काही नाही.

ए-302, 7.26
काका, बॅटरी अगदी नवी आहे. मागच्या वेळी हेच झालं तेव्हा गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. आठ दिवस चालली आणि परत तेच. आता तो म्हणतोय अख्खा सेल्फ बदला. या गाडीचा सेल्फ सांगलीत काही मिळत नाही, बाहेर शोधावा लागणार. खर्चाला मी भीत नाही, पण बदलूनही परत ‘टक’च वाजलं तर काय करायचं? म्हणून आधी इथं विचारतोय.

सी-402, 7.31
पेट्रोलमुळं असेल का? आता सगळीकडं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांना सोसत नाही म्हणतात.

बी-303, 7.38
काका, मी आयटीआयला मोटर मेकॅनिक ट्रेडला आहे, आम्हाला सर पहिल्यांदा हेच विचारायला लावतात: इंजिन फिरत नाही, की फिरतंय पण पेटत नाही? दोन्हीला लोक ‘स्टार्ट होत नाही’च म्हणतात, पण वाटा वेगळ्या. दादांची गाडी फिरतच नाही, मग पेट्रोलपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. सेल्फ खर्रखर्र फिरला असता आणि इंजिन पकडत नसतं, तर पेट्रोल आणि स्पार्क बघायचा.

सी-402, 7.41
माझ्या जुन्या गाडीचं तसंच होतं बघ. फिरते, पकडत नाही. महिना-महिना उभी असते.

बी-303, 7.47
मग काका, किल्ली नुसती ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. पेट्रोल पंप एक-दोन सेकंद घुंई करून थांबला पाहिजे. आवाजच नाही आला तर फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) आधी. आवाज आला तर एक प्लग काढून बघा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क कमी पडतोय. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. इथेनॉलचं म्हणाल तर ते ओल ओढतं आणि जुने रबरी पाईप कडक करतं, त्यामुळं टाकीपासून इंजिनपर्यंतचे पाईप हातानं दाबून बघा. चीर दिसली तर गाडी चालू करू नका.

बी-101 आप्पा, 8.05
पोरानं बरोबर सांगितलं. आता ए-302, मी विचारतो तेवढं सांग. हेडलाईट लाव, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढ, आणि किल्ली मार. लाईट मंद होतेय का?

ए-302, 8.12
खाली जाऊन बघितलं आप्पा. अजिबात मंद होत नाही. भिंतीवर उजेड होता तसाच.

बी-101 आप्पा, 8.15
क्लच कसा आहे?

ए-302, 8.17
क्लच? क्लचचं काय आप्पा? गेल्या महिन्यात केबल बदलली. जड झाली होती, अडकत होती.

बी-101 आप्पा, 8.18
जुनी केबल टाकून दिलीस की आहे? आतनं कशी होती?

ए-302, 8.24
डिकीतच होती. आतलं प्लॅस्टिक वितळून तारेला चिकटलंय. मी समजलो इंजिनच्या उष्णतेनं झालं.

बी-101 आप्पा, 8.40
सेल्फला हात लावू नकोस. बॅटरीलाही नको. तुझ्या इंजिनची अर्थिंग गेली आहे.

समजावून सांगतो. एसटीच्या वर्कशॉपात 31 वर्षं याच वायरी बघितल्यात. सेल्फला करंट लाल वायरनं जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो परत बॅटरीच्या मायनसला यायलाही तितकीच जाड वाट लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातनं करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि चासीला जोडणारं लोखंड आणखी कुठलं? क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. ती बिचारी पाय दाबायला केलेली, सेल्फचा शंभर-सव्वाशे अँपिअर तिच्यातनं गेला की तापून लाल होते. तुझी केबल इंजिनच्या उष्णतेनं नाही वितळली. जुनी केबल होती तोवर गाडी तिच्या जिवावर चालू होत होती. नव्या केबलला प्लॅस्टिकचं अस्तर जाड असेल, वाट बंद झाली, आता नुसतं ‘टक’.

आणि लाईट मंद झाली नाही, म्हणजे बॅटरीवर भारच पडला नाही. बॅटरी मेली असती तर लाईट डोळ्यादेखत विझत आली असती.

ए-104, 8.44
पण अर्थ तर बॉडीतनं पण मिळते ना आप्पा?

ए-302, 8.52
काका, तिथंच या गाडीचं वेगळेपण आहे. स्टॉर्म गोव्यात बनलेली, बॉडी फायबरची आहे. पत्रा नाहीच. इंजिन रेनोचं 1149 सीसी, वजन कमी, म्हणून तर 60 हॉर्सपॉवरमध्ये अशी पळते. पण फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला परतीची वायर वेगळी ओढलेली आहे. आप्पा, मी गॅरेजमध्ये हे सांगितलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही.

सी-204, 9.10
आप्पांच्या म्हणण्याला आकडा जोडते, अकरावीला ओहमचा नियम शिकवतेच आहे. सेल्फला 120 अँपिअर लागतात धरा. वाटेत कुठं फक्त 0.02 ओहम जादा रोध आला, तरी 120 गुणिले 0.02 म्हणजे 2.4 व्होल्ट तिथंच संपले. बारा व्होल्टमधले अडीच गेले तर सेल्फ रडतच फिरणार.

गंमत अशी की घरगुती मल्टिमीटर ओहमवर ठेवून हे दिसत नाही. त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी 0.2-0.3 दाखवतो. पट्टीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर म्हणणार जोडणी ठीक आहे, टेस्ट लॅम्पही पेटणार. भार असतानाच मोजायला हवं.

बी-101 आप्पा, 9.16
मॅडम, अगदी हेच. व्होल्टवर ठेवायचा मीटर, ओहमवर नाही. उद्या सकाळी सात वाजता खाली येतो. बी-303, तूही ये. मीटर आहे काय?

बी-303, 9.17
आहे आप्पा. जंपर केबल पण आणतो.

सेक्रेटरी, 9.30
उद्या सातला कृपया मुलांना पार्किंगमध्ये खेळायला पाठवू नये. जुनी गाडी आहे, गिअरमध्ये राहिली तर किल्ली फिरवताच उडी घेते. ए-302, चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा.

रविवार

ए-302, सकाळी 9.45
सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असं झालं, सविस्तर लिहितो.

आप्पांनी आधी बॅटरी मोजायला लावली. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. बी-303 नं किल्ली फिरवली, तेव्हाही 12.4. आप्पा म्हणाले, सेल्फ खरंच करंट घेत असता तर हा आकडा दहाच्या आसपास उतरला असता. मग मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लाल वायर थेट इंजिनच्या उघड्या धातूवर. परत किल्ली. तिथं शून्याच्या जवळ दिसायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष. आमच्याकडं 8.3! बारापैकी आठ व्होल्ट त्या एका पट्टीतच अडकले होते, सेल्फला उरले चार. चार व्होल्टमध्ये सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) नुसता थरथरणार, तेच ते ‘टक’.

नंतर बी-303 नं जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला लावलं. किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात इंजिन चालू. परत तो आवाज ऐकला. बाबांनी 2004 मध्ये कोल्हापूरहून ही गाडी चालवत आणली, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

ए-302, 9.52
पट्टी गिअरबॉक्सच्या बोल्टला होती, खालून हात घालूनच लागली. वरून चांगली दिसत होती. बोल्ट सोडला तर खाली हिरवा थर, आणि विणलेल्या तारा हाताला पावडरसारख्या आल्या. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली तेव्हा गाडी आधीच मिरजेला भावाकडं नेली होती. 2021 ला मात्र उशीर झाला. निम्म्या चाकापर्यंत पाणी आलं, गाळ बसला. तेव्हा इंजिन धुतलं, तेल बदललं, सीट वाळवल्या. या पट्टीकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

बी-101 आप्पा, 10.05
शामरावनगरात ज्यांच्या गाड्या पुरात उभ्या होत्या, त्या सगळ्यांनी हे एकदा बघून घ्या. पाणी दोन दिवसांत गेलं तरी गाळाची ओल बोल्टाखाली महिनोन् महिने राहते.

ए-302, सायंकाळी 6.20
मार्केट यार्डाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणली, दोन्ही टोकांना लग (बोल्टात बसणाऱ्या धातूच्या कड्या) दाबून घेतले. बोल्टाखालचा धातू पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासला. आप्पांनी बोल्ट कसल्यावरच वरून व्हॅसलीन लावू दिलं, आधी नाही. बॅटरी ते चासीची मायनस वायरही सोडून घासून परत बसवली. आता किल्ली फिरवताना बॅटरी 10.7 आणि अर्थमध्ये 0.2. केबल आणि लग मिळून खर्च साडेसहाशे.

ए-104, 6.31
आनंद झाला. पण बाहेर कुठं अशी थांबली तर धक्का देऊन चालू होते ना? मॅन्युअल आहे म्हणून विचारतो.

बी-101 आप्पा, 6.44
होते. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून धरायचा, माणूस पळायला लागेल एवढा वेग आला की क्लच एकदम सोडायचा, पकडली की लगेच परत दाबायचा. पहिला गिअर नको, झटका बसतो. पण अर्थ तुटलेली असताना ते करून उपयोग नाही, इंजिन चालू झाल्यावर डायनॅमोचा करंट परत त्याच क्लच केबलमधनं जाणार.

बी-303, 6.50
आणि दुसऱ्या गाडीवरून जंप देताना काळ्या केबलचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला लावायचं, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. या गाडीत तर बॉडीला लावून काहीच होणार नाही.

सी-204, 7.05
ए-302, नवी क्लच केबलही एकदा काढून बघा. महिनाभरात तिच्यातूनही थोडा करंट गेला असेल.

ए-302, 7.09
मॅडम, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या बघतो.

सी-402, 7.30
बी-303, पंपाचा आवाज येत नाही रे. फ्यूज कुठं असतो?

बी-303, 7.33
खाली आलो काका. टॉर्च घेऊन या.