स्कॉटलंड: आई-बाबांना घेऊन स्टोअरच्या किनाऱ्यावर गाइडेड वॉक, तयारी काय करू?

सातारकरीण
नमस्कार मंडळी, मी ग्लासगोत असते. जूनमध्ये आई-बाबा येतायत (बाबा ६७, आई ६३) आणि लॉकिनव्हरच्या वरच्या बाजूला स्टोअर म्हणून भाग आहे तिथला गाइडेड वॉक बुक केलाय, दीपगृहापासून कड्याच्या कडेकडेने ओल्ड मॅन ऑफ स्टोअरच्या सुळक्यापर्यंत. जाऊन-येऊन सात-आठ किमी. बाबा म्हणतात अजिंक्यतारा रोज चढतो, स्पोर्ट्स शूज बास. सगळी क्रॉफ्टिंगची वस्ती आहे म्हणे, म्हणजे नक्की काय ते मलाही नीट माहीत नाही. कपडे, बूट, खाणं, जे सुचेल ते सांगा. आई शाकाहारी.

कोकणी_खेकडा
बाबांना सांगा चढ हा प्रश्नच नाहीये, ओल हा आहे. वरून मस्त हिरवं गवत दिसतं आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत, खाली सगळं पीट, म्हणजे कुजक्या झाडपाल्याची काळी माती, पाणी धरून बसलेली. मी पहिल्या वर्षी रनिंग शूज घालून गेलो होतो, पाय वर आला पण बूट आलाच नाही, कोपरापर्यंत हात घालून काढला, उरलेला रस्ता पचक पचक करत. घोट्याच्या वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट घ्या आणि इथे आल्याआल्या घरात, जिन्यावर, दुकानात घालून फिरवा, नवे कोरे तिथे नेऊ नका. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री तर गाडीतच ठेवा, कड्यावरच्या वाऱ्यात दोन मिनिटांत उलटी होते.

एबरडीनचा_पाहुणा
+१ बुटांना. दोन गोष्टी राहिल्या.
चिलटं, म्हणजे मिज. वारा असेल तर नाव नाही, वारा पडला की ढगच्या ढग, कानात नाकात सगळीकडे. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, दिसायला विनोदी पण आईंसाठी घ्याच.
दुसरं गोचीड. मेंढ्या आणि हरणं दोन्ही आहेत तिकडे. फिकट रंगाची पँट, ती मोज्यात खोचायची, आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावत बसू नका. नंतर लाल चट्टा पसरायला लागला किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, लाइम डिसीज असू शकतो.

कोकणी_खेकडा
क्रॉफ्ट म्हणजे काय ते राहिलंच. आपल्या भाषेत क्रॉफ्टर म्हणजे कूळ, छोटा तुकडा कसणारा, शिवाय गावाच्या सामायिक कुरणात त्याची गुरं-मेंढरं. १८८६ मध्ये त्यांचा कुळकायदा झाला, तोवर जमीनदार केव्हाही हुसकायचा. आतली चांगली जमीन मेंढ्यांसाठी रिकामी केली आणि माणसं या खडकाळ किनाऱ्यावर आणून बसवली, म्हणून घरं समुद्राकडे. पुढे १९९३ मध्ये असिंटच्या (स्टोअर ज्यात येतं तो भाग) याच क्रॉफ्टरांनी ही इस्टेटच विकत घेतली! गाइडला हे विचारा, स्थानिक असेल तर सुळक्यापेक्षा यावरच जास्त बोलेल.
तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी कामाच्या रानातून चालणार आहात. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. जूनमध्ये कोकरं असतात, फोटोसाठी मागे धावायचं नाही, आणि वासरू नि गाय यांच्या मधून तर अजिबात नाही. रस्ता एकच गाडी मावेल एवढा आहे, पासिंग प्लेसमध्ये (समोरच्याला वाट द्यायची रुंद जागा) गाडी लावू नका, मागून ट्रॅक्टर येतो.

आल्याचा_चहा
खाण्याचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मास. वाटेत दुकान नाही की आडोसा नाही, दीपगृहापाशीच काय ते उरकून निघा. आणि बाबांच्या गुडघ्याबिडघ्याचं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, "फिट अँड फाइन" नको.

सातारकरीण
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! गुडघ्याचं खरंच आहे हो, डावा. आज गाइडला फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या काठ्या देते, आणि नाहीच जमलं तर क्लॅखटोलला जवळच दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्रॉख आहे, दगडी बुरूजच, तिथे थोडंच चालावं लागतं. बाबांना बूट आणि काठी दोन्ही सांगितलं. बूट चालतील म्हणाले. काठीवर आईने फोन घेतला, त्यामुळे तेही बहुतेक झालंय.