सीझन संपला की तुमच्याकडे काय व्हायचं?

चिवल्याकाठची: आज कुणीतरी मालवणचा फोटो पाठवला. किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या. पोटात गलबललं. आमच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचो. मे महिन्यात अंथरुणं सगळी पाहुण्यांना, आम्ही पोरं पडवीत चटईवर. आई पहाटे चारला घावनांच्या तयारीला. मग एक दिवस किल्ल्याच्या होड्या बंद व्हायच्या. १ जूनपासून मासेमारीही बंद, म्हणजे ना पाहुणे ना मासळी. आई गाद्या माळ्यावर टाकायची आणि वर्षात पहिल्यांदा दुपारी झोपायची. बाबा वही उघडून बसायचे: कौलं, शाळेच्या वह्या, वाण्याची उधारी. "दिवाळीपर्यंत पुरवूक व्हया." तुमच्याकडचं लिहा.

कुकरची शिट्टी: जागा धरून ठेवते. पोळ्या व्हायच्यात.

मोहर्लीची सून: ताडोब्याचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, जुलै ते सप्टेंबर बंद. दाजी जिप्सी चालवतात, ते तीन महिने रोवणी, निंदण. मे महिन्यात पाहुणे कुरकुरतात, "किती ऊन!" ऊन आहे म्हणून तर वाघ पाणवठ्यावर येतो ना बाप्पा.

चिवल्याकाठची: 😄 दाजींना परवडतं काय जास्त?

मोहर्लीची सून: जिप्सीच. पण रोवणीत "वाघ का नाही दिसला" असं कोणी विचारत नाही म्हणतात.

कासकर: आमचा कास पठारावरचा फुलांचा सीझन ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. त्यातही धंदा शनिवार-रविवारचाच. मी कणसं भाजायचो. एका वर्षी लागोपाठ रविवार धुक्यात गेले. फुलं होती, दिसली नाहीत. लोक माझ्यावर चिडले! कणसं म्हशीला.

भटकी: घावन म्हणजे आंबोळीच ना?

चिवल्याकाठची: नाय गे!! आंबोळीचं पीठ आंबवतात.

दस्तुरी नाका: माथेरानला उलटंच झालंय. नेरळची मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद, तरी रविवारी गाड्या लावायला जागा नाही. पण सकाळी येतात, भिजतात, भजी खातात, संध्याकाळी खाली. खोली कोण घेतंय? गर्दी बघून गावाकडच्यांना वाटतं आम्ही छापतोय.

कुकरची शिट्टी: पाहुणे आले. उद्या लिहिते, नक्की.

भटकी: चिवल्याकाठची, खोल्या अजून देता का? गणपतीत यायचा विचार आहे, दोघंच आहोत.

चिवल्याकाठची: आता दादा बघतो. पण गणपतीत नको गं, मुंबईचे सगळे चाकरमानी घरात. माणसं वीस, धंदा शून्य. नंतर ये. जेवणाचं आदल्या दिवशी सांग म्हणजे झालं.